सूर्य कुठं आहे ते आधी बघा

प्रश्न : मी विट्याचा. थंडीत मायणी, येरळवाडीच्या तलावांकडं पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. संध्याकाळी डोळ्यांना सगळं सोनेरी दिसतं पण फोटोत पक्षी काळेकुट्ट, नाहीतर हललेले. साधा डीएसएलआर आहे आणि ७०-३०० ची लेन्स. मोठी लेन्स घेऊ का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. मोठी लेन्स घेतली तरी पक्षी काळेच येणार, फक्त मोठे काळे येतील. सूर्य पाण्यापलीकडं आणि तुम्ही त्याच्याकडं तोंड करून उभे, असं होतंय बहुतेक. पाणी आणि आकाश लख्ख असतं, कॅमेरा तेच बघून उजेड कमी करतो आणि मधला पक्षी काळा पडतो. तलावाच्या पश्चिम काठाला जा, सूर्य पाठीमागं ठेवा, म्हणजे समोरच्या रोहित पक्ष्याच्या (फ्लेमिंगोच्या) पंखातला गुलाबी रंगसुद्धा दिसेल. फक्त तेव्हा तुमची सावली लांबच लांब पुढं पडते, ती पाण्यावर हलली तरी पक्षी बिचकतात, म्हणून खाली बसा.

आणि लवकर जा, हे मी सगळ्यांनाच सांगतो. परदेशी व्हिडिओत तासभर सोनेरी उजेड मिळतो म्हणतात ते त्यांच्याकडं खरं आहे, लंडनसारख्या ठिकाणी सूर्य फार तिरका मावळतो. आपण १७ अंश अक्षांशाच्या आसपास, इथं तो बराच सरळ खाली येतो, क्षितिजावर ६ अंश उरला की अर्ध्या तासाच्या आत गेलाच म्हणून समजा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, मे संपताना सातच्या पुढं, आणि बामणोलीसारख्या ठिकाणी पश्चिमेला डोंगर आडवा असल्यानं उजेड त्याच्याही आधी जातो. तेव्हा साडेचारला जागेवर बसलेलं बरं, उजेड आल्यावर जागा शोधत फिरलात तर संध्याकाळ गेली.

आता हललेले फोटो. उभ्या पक्ष्याला शटर (तो किती वेळ उघडा राहतो ते) १/२५० सेकंद तरी ठेवा, उडत्याला १/१००० किंवा जास्त, आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६००, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. लोक फोटोत रवाळ दाणे दिसतील म्हणून घाबरून आयएसओ ४०० वर अडून बसतात, मग फोटो अंधारा येतो, घरी कॉम्प्युटरवर उजळला की दाणे उलट जास्त दिसतात. हललेला फोटो तर सुधारतच नाही. व्हाईट बॅलन्स (फोटोचा रंग पिवळट की निळसर ते ठरवणारं सेटिंग) ऑटोवर असला की कॅमेरा तो केशरी रंग दोष समजून काढून टाकतो, डेलाईट नाहीतर क्लाउडी करा. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढत असाल तर हे नंतरही बदलता येतं.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायचं, बटण मात्र बोटाखाली राहू द्या. गडद उसाच्या पार्श्वभूमीवर पांढरे बगळे थव्यानं रात्रीच्या झाडाकडं परत येतात तेव्हा कॅमेरा उसाकडं बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं पार धुऊन निघतात, तिथं उणे १. तोच बगळा उजळ आकाशावर आला की अधिक १. मुद्दाम काळी आकृतीच हवी असेल तर उणे २ करा, पण मग पक्षी एकमेकांवर चढलेले नकोत, चोच, मान, पाय सगळं सुटं दिसायला हवं.

जवळ किती जायचं ते पक्षीच सांगतात. रोहित खाताना डोकं उलटं करून पाण्यात घालून चालत असतात. त्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, सगळे एकाच दिशेला सरकायला लागले, की तुम्ही पुढं गेलायत. तिथंच थांबा, जमलं तर मागं या. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून थवा उठवणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत, लांबून आलेले पक्षी असतात ते, त्यांची खायची वेळ असते ती.

प्रश्न : माझ्याकडं फक्त मोबाईल आहे. माण तालुक्यात मेंढरं परतताना सुंदर धूळ उडते, फोटोत मात्र ती मातकट दिसते.

उत्तर : धूळ तुमच्या आणि सूर्याच्या मधे आली पाहिजे, तरच ती चमकते. सूर्य पाठीशी असेल तर तीच धूळ मातकट. म्हणजे वरच्या उत्तराच्या बरोब्बर उलटं, इथं सूर्याकडंच तोंड करा, पण सूर्य झाडाआड किंवा मेंढक्याच्या आड ठेवा, नाहीतर सगळा फोटो पांढरा होतो. लेन्स शर्टानं पुसून घ्या, बोटाचा तेलकट डाग उजेडासमोर लगेच धुरकट दिसतो. स्क्रीनवर उजळ जागी बोट टेकवून ब्राइटनेस थोडा खाली ओढा. झूम करू नका, चालत जा. आणि मामांना आधी विचारा हो, फोटो काढू का म्हणून, मेंढरं दचकली तर त्यांनाच रानोमाळ पळावं लागतं. काढलेला फोटो दाखवा, पाठवा.

सूर्य बुडाला की लगेच मोबाईल खिशात घालू नका. पूर्वेकडं वळा, आकाश स्वच्छ असेल तर खाली निळसर करडा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा दिसतो, तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीचीच सावली. पवनचक्क्यांसोबत चाळकेवाडीच्या पठारावर छान येतो.

प्रश्न : सागरेश्वरला संध्याकाळी हरणं दिसतात, उजेड कमी असतो. फ्लॅश चालेल का?

उत्तर : नाही, आणि टॉर्चही नाही. संध्याकाळी जनावराच्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, त्यात एकदम झोत मारला तर ते गांगरतं. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोनही चालत नाही. गेट बंद व्हायची वेळ आत जातानाच विचारून ठेवा, आणि हरणं अंधुक झाली की ती सोडून वरून दिसणाऱ्या कृष्णाकाठच्या उसाचे फोटो काढा, मात्र शटर संथ ठेवावा लागेल, तेव्हा कॅमेरा दगडावर नीट टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा.