खंडेनवमीच्या आधी आजोबांना सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गणपती गेले, चाकरमानी गेले, पडवी मोकळी झाली. आता तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलोय.

आजोबांची दुनळी बंदूक विकून घेतलेली नवी पंप ॲक्शन बंदूक घरी येऊन दोन महिने झाले, पण तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढायला हात होत नाही, असं तू लिहिलंयस. दुनळी जिथे असायची तो कप्पा रात्री उघडून बघतोस. हे दुखणं मला नवीन नाही.

2019 च्या डिसेंबरात शस्त्रकायदा बदलला, तेव्हाची गोष्ट. तोवर माणसाला परवान्याने तीन हत्यारं ठेवता यायची, ती दोनांवर आली. वारसाहक्काचं हत्यारही त्या दोनांतच धरायचं. जादाचं काढून टाकायला एक वर्षाची मुदत. माझ्याकडे तीन होती: वडिलांची ठासणीची, कारखान्याची साधी बाराबोअर आणि बर्मिंगहॅमची, बाहेर घोडे (खटके) असलेली दुनळी. मी वही काढून चक्क हिशेब मांडला. ठासणी वडिलांची, ती जाणार नाही. बाराबोअर आंब्याच्या दिवसांत लागते, वानरं हुसकायला एखादा बार काढावा लागतो. दुनळी काळ्या दारूच्या जमान्यातली, आजचं काडतूस तिच्यात घालणं म्हणजे तोंडाशी सुरुंग लावणं. म्हणजे बिनकामाची. 22,000 रुपये आले, कुंपणाच्या चिऱ्यात गेले.

तिच्या नळ्या डमास्कसच्या होत्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, सळईभोवती गुंडाळायच्या, तापवून ठोकून सांधायच्या, अशी ती नळी बनायची. ओहोटी लागल्यावर पुळणीवर ओल्या रेघा राहतात ना, तशी नक्षी सगळ्या अंगावर. नळीच्या पोटाला बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं. मी वर्षानुवर्षं त्यावर तेलाचा बोळा फिरवला आणि कधी विचारलं नाही की हे काय आहे. विकून वर्ष उलटल्यावर कळलं. तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या नळ्यांवर हा शिक्का 1875 ते 1887 याच काळात मारत. गोळी नको, छर्रेच घाला, असा त्याचा अर्थ. म्हणजे पुण्यात ‘केसरी’ निघाला त्या सुमाराची वस्तू माझ्या माजघरात होती, आणि मी ती चिऱ्यांवर घालवली.

हत्यार विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं, हे तुला आता पाठ असेल. आपल्याला वाटतं, ते दिवस सरकारच्या सोयीचे. मला त्या दीड महिन्यात एकदाही ती मांडीवर घेऊन बसायची बुद्धी झाली नाही. शिक्का वाचला नाही, फोटो काढला नाही. तू काय केलंस? पंप ॲक्शनचे व्हिडिओ बघितलेस, तूच लिहिलंयस. विकलीस म्हणून मी तुला बोल लावत नाही. ते 45 दिवस तू वाया घालवलेस, ते मात्र मला खटकलं.

बाकी तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘आजोबांना अजून सांगितलेलं नाही.’

अरे, 2016 च्या शस्त्र नियमांत सोय आहे, धारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं राहिलं, की हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो. किती म्हातारे ते करतात? आपल्यामागे काय ते बघा, म्हणतात. तुझ्या आजोबांनी गुडघे धरत एसटीने ओरोसला जिल्हाधिकारी कचेरीत खेपा घातल्या, तुझ्या नावावर व्हावी म्हणून. त्यांना अजून खंडेनवमी आहे. पाटावर कोयता, कुदळ आणि मधोमध ती दुनळी. दस्त्याच्या मानेला चीर गेलेली, तिच्यावर त्यांनी जुन्या मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार आवळून बांधलेली. झेंडूचं एक फूल नळीच्या तोंडात खोचायचे. हळदकुंकू सगळीकडे, तारेवर मात्र नाही, तांबं खराब होतं म्हणून. या वर्षीही ते पाट मांडतील आणि तुला हाक मारतील. तेव्हा कळण्यापेक्षा आधी कळू दे.

सांगताना दोन हत्यारांच्या मर्यादेचं कारण पुढे करू नकोस. मर्यादा त्यांना माहीत आहे, आणि तुझी पॉइंट टू टू रायफल विकता आली असती हेही माहीत आहे. नवी हवी होती म्हणून विकली, एवढं सरळ बोल. दोन दिवस बोलणार नाहीत. त्या दोन दिवसांत पुण्याला पळू नकोस, तिथेच राहा, पोफळींना पाणी लाव.

मग घेणाऱ्याला पत्र लिही. नाव विक्रीच्या कागदांवर आहेच. फोन नको. माझी दुनळी घेतलेल्या घाटावरच्या गृहस्थांना मी ती परत मागायला दर महिन्याला फोन करायचो, शेवटी त्यांनी उचलणं बंद केलं, आणि बरोबर केलं. पत्रात आधी कामाचं सांग, जे विकतानाच सांगायला हवं होतं. आजोबांच्या दुनळीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची आहे. पावणेतीन इंची काडतूस तिच्यात बसतं, म्हणूनच घातक. उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. दस्त्याच्या चिरेचंही लिही. त्याखाली हवं तर एक ओळ: पुढेमागे काढायची झाली तर आधी मला विचारा. पण ती ओळ लिहिण्याआधी ठरव, ती परत आली तर दोनांतली कोणती जाणार. ठरत नसेल तर ओळ लिहू नकोस. उगाच एका परक्या माणसाला आपल्या हळहळीत कशाला बांधायचं? आणि तो वाट्टेल ती किंमत सांगेल, तर सोडून दे. कर्ज काढून परत आणलेली बंदूक आजोबांना मुळीच आवडणार नाही.

परत येईल न येईल, तिच्याबद्दल जे आठवतं ते आत्ताच वहीत उतरव. नंबर जुन्या परवान्यात मिळेल. शिक्के आठवत नसतील तर घेणाऱ्याला नळीखालचा एक फोटो माग, एवढं कोणीही देतं.

आणि तो प्लॅस्टिकचा कागद आज काढ. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतोस, अजून पाऊस आहे. प्लॅस्टिकखाली दमट राहून नळीला तांबेरा धरतो. पुसून तेलाचा पातळ हात फिरव, दर आठवड्याला. तिचा काही गुन्हा नाही.

तुझा,
देवगडचा काका

ता. क. आजोबा बोलायला लागले की त्या तारेचे वेढे किती होते ते विचार. मला अकरा आठवतात, काकू नऊ म्हणते.