रिव्हॉल्व्हरसाठी जादा काडतुसे जवळ बाळगण्याची सोयीची पद्धत कोणती?

तुम्ही विचारले आहे की, तुमच्याकडे .38 स्पेशलचे, पाच काडतुसांचे, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर आहे, ते बाळगण्याचा परवानाही आहे. तर जादा काडतुसांसाठी स्पीडलोडर (सगळी काडतुसे गोलात धरून एकदम रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचे साधन) घ्यावा, ती एका ओळीत धरणारी रबरी पट्टी घ्यावी, की ती कमरपट्ट्यावरच्या चामडी कप्प्यांत खोचावीत. मी बरीच वर्षे रिव्हॉल्व्हर वापरतो आहे, स्पर्धांमध्येही आणि रोज अंगावरही, आणि या तिन्ही पद्धती मी महिनोन्‌महिने वागवून पाहिल्या आहेत. माझे मत आधीच सांगतो: तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी खिशात एक पट्टी ठेवावी, आणि अंगावर जाकीट किंवा सैल सदरा असेल त्या दिवशी तिच्या जोडीला कमरेला एक स्पीडलोडर घ्यावा. बहुतेक जण ही निवड भरण्याच्या वेगावरून करतात. माझ्या अनुभवात ती दिवसभर काय अंगावर राहील यावरून करावी लागते.

पिस्तुलाचे मॅगझिन चपटे असते, त्यामुळे ते कुठेही सरकवता येते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचे तसे नाही. .38 स्पेशलचे एक काडतूस जेमतेम 39 मिलिमीटर लांब, बुडाच्या कडेपाशी सुमारे 11 मिलिमीटर रुंद, आणि 158 ग्रेनची (सुमारे 10 ग्रॅमची) गोळी असेल तर वजनाला साधारण 15 ग्रॅम असते. पाच काडतुसांचे ओझे 75 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे वजनाची तक्रार कोणी करणार नाही. अडचण आहे ती मांडणीची. सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांचे खण असलेल्या फिरत्या भागात, ती ज्या वर्तुळात बसतात त्याच वर्तुळात धरून ठेवली, तर भरायला सोपी पण खिशात बाहेरून दिसेल असा फुगवटा येतो. एका ओळीत ठेवली, तर खिशात सपाट बसतात पण भरायला वेळ लागतो.

वर्तुळात धरून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये प्रिडो यांनी अशा लोडरचे पेटंट 1893 मध्येच घेतले होते आणि तो वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी वापरला जात असे. आज सर्रास दिसणारे लोडर दोन जातींचे आहेत. एचकेएस कंपनीच्या लोडरमध्ये काडतुसे बसवून मागचा नॉब फिरवला की ती अडकतात आणि उलटा फिरवला की सुटतात. सफारीलँड कंपनीच्या लोडरमध्ये तो सिलिंडरवर टेकवून दाबला की मधला खटका एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीवर (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, सिलिंडरच्या मधल्या भागावर) दबून सुटतो आणि काडतुसे आत जातात. दाबून सोडायचा लोडर घाईत निश्चितच सोपा आहे, कारण बोटे थरथरत असताना बारीक नॉब फिरवण्यापेक्षा तळव्याने ढकलणे जमते. नॉबवाल्या लोडरमध्ये काडतुसे थोडी डुगडुगतात, त्यामुळे पाचही गोळ्यांची टोके पाच खणांसमोर आणायला क्षणभर जास्त जातो. मात्र कोणताही लोडर विकत घेण्यापूर्वी तो तुमच्याच मॉडेलसाठी आहे ना, हे पाहा. पाच खणांचा आणि सहा खणांचा लोडर तर वेगळा असतोच, पण सहा खणांच्या दोन रिव्हॉल्व्हरांमध्येही वर्तुळाचा व्यास निराळा असू शकतो.

लोडर घेतल्यावर ज्या गोष्टीने बहुतेकांचा विरस होतो ती म्हणजे मूठ. सिलिंडर डावीकडे उघडतो, आणि मुठीचा डावा गाल वरपर्यंत जाड असेल तर लोडरची कड त्याला अडते. लोडर तिरका बसतो, चार काडतुसे आत जातात आणि मुठीलगतचे पाचवे खणाच्या तोंडाशी अडून राहते. माझ्या पहिल्या रिव्हॉल्व्हरला नेमके हेच होत होते आणि मी कितीतरी दिवस लोडरलाच दोष देत होतो. शेवटी लाकडी मुठीच्या डाव्या गालाचा वरचा भाग कानशीने उतरवला आणि अडचण संपली. रिकाम्या पुंगळ्या नीट बाहेर पडल्या नाहीत तर लोडरचा काहीच उपयोग होत नाही, हेही इथे सांगायला हवे. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा पुंगळ्या ढकलणारा दांडाही आखूड असतो, तो त्यांना पूर्ण बाहेर आणत नाही. म्हणून नळीचे तोंड आकाशाकडे करून दांड्यावर तळव्याचा एकच जोरकस फटका मारायचा, म्हणजे त्या स्वतःच्या वजनाने पडतात. मग नळी जमिनीकडे वळवायची आणि नवी काडतुसे घालायची. नळी आडवी ठेवून हळूच दांडा दाबला तर एखादी पुंगळी चांदणीच्या खाली सरकते, आणि ती काढत बसणे हे दोन्ही हातांचे काम होऊन बसते. गोळीच्या आकाराचाही यात वाटा आहे: गोल टोकाची गोळी खणात आपसूक घसरते, तर सपाट टोकाची वॉडकटर खणाच्या कडेला अडते.

पट्टीकडे वळतो. बियांकी कंपनीची स्पीड स्ट्रिप ही या जातीतली सर्वांत परिचित. लवचीक युरेथेनची ही पट्टी काडतुसांच्या बुडाची कड धरून सहा काडतुसे एका रांगेत ठेवते, आणि टफ प्रॉडक्ट्सच्या पट्ट्या वेगवेगळ्या संख्येच्या मिळतात. तिची जाडी एका काडतुसाएवढीच असते, त्यामुळे ती पँटच्या पुढच्या खिशात किंवा घड्याळासाठी शिवलेल्या छोट्या खिशात उभी राहते आणि बसता-उठताना टोचत नाही. भरताना दोन काडतुसे शेजारच्या दोन खणांत एकाच वेळी घालायची आणि पट्टी बाजूला वाकवून सोलल्यासारखी ओढायची. सहा जागांच्या पट्टीत मी चारच काडतुसे ठेवतो: पट्टी धरायच्या शेपटीकडून दोन, मग एक जागा मोकळी, पुन्हा दोन, आणि टोकाची जागा रिकामी. मधल्या मोकळ्या जागेमुळे पुढच्या जोडीला बोटांची पकड मिळते, नाहीतर मागची काडतुसे सिलिंडरच्या कडेवर आपटत राहतात. पाचव्या काडतुसाचा लोभ मी सोडला आहे, कारण एकटे पाचवे घालायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात पहिली दोन कामाला येऊ शकतात. पट्टीचा आणखी एक फायदा असा की, दोनच काडतुसे झाडली असतील तर तेवढ्याच दोन पुंगळ्या काढून तेवढीच भरता येतात. लोडरमध्ये सगळे किंवा काहीच नाही.

चामडी कप्पे दिसायला देखणे असतात आणि ज्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाजूला उघडत नाही, ज्यात बाजूच्या छोट्या दारातून एकेक काडतूस भरावे लागते, त्यासाठी ते आजही योग्य आहेत. तुमच्यासाठी मात्र मी ते सुचवणार नाही. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि अंगाचा घाम यांमुळे पितळेवर हिरवा कळंक चढतो. एका पावसाळ्याअखेर मी माझ्या पट्ट्यातली काडतुसे काढायला गेलो, तेव्हा दोन कप्प्यांतली चिकटून बसली होती. पक्कडीने ओढून काढली तेव्हा पितळेभोवती हिरवट मेणचट वलय होते आणि ती खणात अर्धीच जात होती. झाकण उघडले की सुटी काडतुसे तळहातावर पडणारी जी पाकिटे पूर्वी पोलीस वापरत, तीही टाळावीत. एप्रिल 1970 मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांचे चार अधिकारी गोळीबारात मारले गेले. त्यांपैकी एक सुटी काडतुसे एकेक करून भरत असतानाच बळी पडला, आणि त्यानंतर त्या दलाने स्पीडलोडर स्वीकारले.

मून क्लिपचा, म्हणजे काडतुसे बुडाशी एकत्र धरणाऱ्या पातळ पत्र्याच्या क्लिपचा, उल्लेख तुम्ही केला नाही, पण कोणीतरी सुचवेलच. 1917 मध्ये अमेरिकी सैन्याला पिस्तुले कमी पडली, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या रिव्हॉल्व्हरांत कड नसलेली .45 एसीपी काडतुसे वापरता यावीत म्हणून अर्धचंद्राकार पोलादी क्लिप निघाल्या. पूर्ण वर्तुळाची क्लिप नंतरची. पाचही काडतुसे क्लिपसकट आत जातात आणि पुंगळ्याही क्लिपसकट बाहेर पडतात, यापेक्षा वेगवान पद्धत नाही आणि स्पर्धेत मी हीच वापरतो. पण त्यासाठी सिलिंडर मागून कातलेला असावा लागतो, आणि पातळ पत्र्याची क्लिप खिशात किंचितशी वाकली तरी सिलिंडर फिरेनासा होतो. एका स्पर्धेत माझा सिलिंडर तिसऱ्या गोळीनंतर असाच घट्ट बसला; क्लिप सपाट काचेवर ठेवून पाहिली तेव्हा एका बाजूने प्रकाशाची बारीक रेघ दिसत होती. रोज अंगावर वागवण्यासाठी ती मला भरवशाची वाटत नाही.

जागेबद्दल एवढेच, की आधी कोणत्या हाताने भरणार ते ठरवावे. उजव्या हाताने भरायचे असेल तर रिव्हॉल्व्हर डाव्या हातात जाते, मग लोडर उजव्या बाजूला, होल्स्टरच्या पुढे, पट्ट्याच्या बकलाच्या बाजूस असावा. डाव्या हाताने भरणाऱ्याने पट्टी डाव्या खिशात ठेवावी. त्या खिशात दुसरे काहीही नको, किल्ल्या आणि नाणी तर मुळीच नकोत. बसून, गाडीच्या आसनावर, सीटबेल्ट लावलेला असताना हात तिथे पोहोचतो का, हे रिकाम्या रिव्हॉल्व्हरने आणि नकली काडतुसांनी घरी करून पाहा. खरी काडतुसे त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा.

परवान्यावर काडतुसांची जी मर्यादा असेल तीत ही जादा काडतुसेही मोजली जातात आणि प्रवासात ती कशी न्यावीत याचे नियम ठिकाणागणिक बदलतात, तेवढे आधी पाहून घ्या. रात्री खिसा रिकामा करताना पट्टीही रिव्हॉल्व्हरबरोबर कुलपात जाऊ द्या. दर दोन-तीन महिन्यांनी ती काडतुसे सरावात झाडून नवी ठेवा, कारण खिशातली धूळ, घाम आणि रोजचे हेलकावे त्यांना लागतच असतात. नवी ठेवताना प्रत्येक काडतूस एकदा रिकाम्या खणात सोडून पाहा, नळी अर्थातच सुरक्षित दिशेला धरून. जे स्वतःच्या वजनाने तळाला जाऊन बसत नाही, ते पट्टीत घालू नका.