ट्रेलरला घरी बनवलेले प्लायवुडचे मडगार्ड फायबरग्लास आणि इपॉक्सीने पक्के कसे करायचे?

असे मडगार्ड टिकतात की, पण नुसता इपॉक्सीचा (हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनचा) हात मारून नाही, फायबरग्लासचं कापड लागतंच. साधारण २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेलं फायबरग्लास कापड घ्या, ते सुट्या तंतूंचं चॉप्ड मॅट नको, त्यातला बाइंडर (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळणारा असतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मग मॅट नीट भिजत नाही आणि वळतही नाही.

आधी कडा गोल करा, निदान ६ मिमी, नाहीतर कापड धारेवर उचलतं आणि खाली हवेची पांढरी रेघ राहते. प्लायच्या कापलेल्या कडा सगळ्यात जास्त पाणी पितात, तिथे पिणं थांबेपर्यंत इपॉक्सी पाजत राहा. पहिला हात संध्याकाळी, ऊन उतरताना. सकाळी मारलात तर लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि सगळीकडे बुडबुडे.

चाकाकडची आतली बाजू लोक हमखास सोडतात, खडी-चिखल तर तिथेच बसतो ना! तिथे कापडाचे दोन थर. बोल्टची भोकं मोठी पाडून फिलर (घट्ट करणारी पूड) घातलेल्या इपॉक्सीने भरायची आणि वाळल्यावर त्यातूनच मापाचं भोक पाडायचं, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त ओतू नका, चिकटच राहतं ते. वर मेणचट थर आला तर आधी साध्या पाण्याने धुवा, मग पॉलिश पेपर. शेवटी रंग मारायचाच, इपॉक्सीला ऊन सोसत नाही.