आंतरधर्मीय लग्न केलेल्या जोडप्याला एकाच कबरीत जागा मिळते का?

तुम्ही हिंदू, पत्नी कॅथलिक, लग्न विशेष विवाह कायद्याखालचं, आणि शेवटी दोघांना एकाच जागी राहायचंय. हे जमू शकतं, पण लग्नाच्या दाखल्याच्या जोरावर नाही. 1954 च्या त्या कायद्यात लग्नासाठी धर्म बदलावा लागत नाही. मेल्यावर कुणाला कुठे पुरायचं यावर तो गप्प आहे. दफनभूमी ज्याच्या ताब्यात, शब्द त्याचा. तुमच्या बाबतीत तो पॅरिशचा, म्हणजे पत्नीच्या भागातल्या चर्चचा.

फादरना भेटा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. लोक नेमकी यांचीच गल्लत करतात. पहिली विधीची. बाप्तिस्मा झालेल्या, पण कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती माणसाला बिशपच्या संमतीने कॅथलिक अंत्यविधी मिळू शकतो. बाप्तिस्माच न झालेल्या पतीला तो मिळेल असं धरून चालू नका. दुसरी जागेची. पत्नीच्या माहेरची कबर असेल, तर तिच्यात बिगर-कॅथलिक जोडीदार चालतो का, हे लेखी घ्या. तोंडी ‘बघू या’वर विसंबू नका, फादरांची बदली होते. कबर कायमची आहे की काही वर्षांनी पुन्हा उघडतात, हेही विचाराच. शहरांत जागेची टंचाई असल्याने साध्या कबरी पुन्हा वापरतात आणि आधीच्या अस्थी भिंतीतल्या कप्प्यात हलवतात. शेजारी राहायचं, तर तो कप्पा आधी बघून घ्या.

माझ्या मते दोघांचं दहन हा तुमच्यासाठी सोपा मार्ग. कॅथलिकांना 1963 पासून त्याची मुभा आहे, फक्त रक्षा दफनभूमीत किंवा तशाच पवित्र जागी ठेवायची, नदीत सोडायची नाही. तुमच्या अस्थी तिच्याजवळ ठेवायच्या असतील तर पुन्हा पॅरिशलाच विचारावं लागेल.

नंतर कोर्टात बघू, असं मात्र मनात आणू नका. हिंदूशी याच कायद्याखाली लग्न केलेल्या पारशी गुलरुख गुप्ता यांना आईवडिलांच्या अंत्यप्रार्थनेला हजर राहता यावं, एवढंच मागणं होतं. गुजरात उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निकाल 2012 चा. वलसाडच्या पारशी अंजुमनने, म्हणजे तिथल्या पारशी समाजाच्या संस्थेने, त्यांना प्रार्थनेला येऊ देण्याची तयारी सर्वोच्च न्यायालयात दाखवली ती डिसेंबर 2017 मध्ये. मृतदेह घरात असताना हातात काही तास असतात.

सगळ्यात जास्त फसगत मृत्युपत्रामुळे होते. ते बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतात, आणि त्यातली अंत्यविधीची इच्छा वारसांना कायद्याने बांधतेच असं नाही. म्हणून वेगळा एक पानी कागद करा: जागा, विधी, मृतदेह कोण ताब्यात घेणार, विवाह नोंदणी क्रमांक. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि जमल्यास दोन्ही घरांतल्या एकेका भावाबहिणीचीही सही. ती सही मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण अडवणूक बहुधा घरातूनच होते. पत्नीचं आधारवर एक नाव आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं असेल, तर दोन्ही नावं त्या कागदावर लिहा.

मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे नमुना 4अ, डॉक्टर देतात. अनोळखी डॉक्टर सहसा देत नाहीत आणि प्रकरण शवविच्छेदनापर्यंत जाऊ शकतं, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर त्याच कागदावर हवा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते.

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, रविवारी तो उघडत नाही. घरात आधारकार्डांसोबत ठेवा आणि एकेक प्रत दोघांच्या घरच्यांना द्या.