केळीच्या वजनकाट्याची डीएलएल पायथनमध्ये उघडत नाही, १९३ नंबरची एरर येते. काय करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: रावेरला केळीच्या काट्यावर विंडोज १० चा पीसी आहे, त्यात पायथन ३.१२ टाकलंय. आधी ‘पायथन’ टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडायचं. ते कसंबसं सुटलं, तर आता काटेवाल्यांनी दिलेली डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची तयार कोडची फाइल) सीटाइप्समधून, म्हणजे अशा फाइली उघडणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलमधून, उघडताना विनएरर १९३ येते. फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकून पाहिली, तरी तेच.

भाऊ, पायथन पुन्हा पुन्हा काढून टाकण्यात वेळ घालवू नका, तुमचं पायथन ठणठणीत आहे. ते ६४ बिटचं आहे आणि डीएलएल बहुतेक ३२ बिटची. एका प्रोसेसमध्ये ही दोन्ही नांदत नाहीत, १९३ चा अर्थ एवढाच. जळगाव एमआयडीसीत मी अशीच कामं करतो. काट्यांसोबत येणाऱ्या डीएलएल अजूनही ३२ बिटच्याच निघतात.

खात्री करायची तर पायथन उघडल्यावर पहिली ओळ नीट वाचा. त्यात ६४ बिट, एएमडी६४ असं दिसेल. त्याच ओळीच्या शेवटी ‘विन३२’ असतं, त्यावरून फसू नका. ६४ बिटच्या पायथनमध्येही ते तसंच छापलं जातं.

मग पायथनच्या साइटवरून त्याच आवृत्तीचा ३२ बिटचा इन्स्टॉलर घ्या. जुनं काढायची गरज नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. कमांड प्रॉम्प्टवर ‘पीवाय’, जागा सोडून वजा शून्य पी, असं दिलं की कोणकोणतं पायथन कुठल्या फोल्डरमध्ये आहे याची यादी येते. प्रोग्राम चालवताना ‘पीवाय -३.१२-३२’ आणि पुढे फाइलचं नाव. पॅकेज टाकणारं पिपसुद्धा असंच, याच कमांडपुढे ‘-एम पिप’ लावून चालवा. नाहीतर पॅकेज एका पायथनमध्ये जातं आणि तुम्ही शोधता दुसऱ्यात.

आता बहुधा वेगळीच एरर येईल: मॉड्यूल सापडलं नाही. घाबरू नका, गाडी पुढे सरकली आहे. यामागे दोन कारणं असू शकतात. पहिलं तुमची ती कॉपी. नावावरून वाटतं त्याच्या उलट, ६४ बिट विंडोजवर सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये. ३२ बिटचा प्रोग्राम सिस्टम३२ मागतो तेव्हा विंडोज त्याला गुपचूप सिसवाव६४ मध्ये पाठवतं, म्हणून तुमची फाइल त्याला दिसतच नाही. तिथली कॉपी काढून टाका, डीएलएल आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पूर्ण पाथ द्या.

दुसरं कारण त्या एररमध्येच कंसात लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही: फाइल किंवा ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांपैकी एखादी. व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टच्या जोड फाइलींचा संच) टाका, पण एक्स८६ म्हणजे ३२ बिटवालं. डीएलएलच्या जोडीच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर तो फोल्डर ओएस मॉड्यूलच्या अ‍ॅड-डीएलएल-डिरेक्टरीने सांगावा लागतो. पायथन ३.८ पासून अशा फाइली पाथ व्हेरिएबलमध्ये (विंडोजने ठेवलेल्या फोल्डरांच्या यादीत) शोधणं बंद झालंय.

डीएलएल उघडली आणि वजन म्हणून भलताच पूर्णांक आला, तर फंक्शनचं रेसटाइप (उत्तराचा प्रकार) पाहा. न सांगितल्यास सीटाइप्स उत्तर इंट म्हणजे पूर्णांक धरतं. काटा डबल म्हणजे दशांश संख्या देत असेल तर सी-डबल लिहावंच लागेल. सीडीएलएल वापरायचं की विनडीएलएल, हे कॉलिंग कन्व्हेन्शनवर (फंक्शनला हाक मारायच्या ठरलेल्या पद्धतीवर) ठरतं. ३२ बिटमध्ये ते चुकलं तर प्रोग्राम कोसळू शकतो, म्हणून काटेवाल्यांकडून हेडर फाइल (फंक्शनं कशी वापरायची ते लिहिलेली) मागूनच घ्या.

पण मला विचाराल तर मी डीएलएलच्या नादी लागणार नाही. इंडिकेटरच्या (वजनाचे आकडे दाखवणाऱ्या डब्याच्या) मागे सिरीयल पोर्ट आहे का बघा, बऱ्याच इंडिकेटरला असतो आणि वजन तिथून साध्या अक्षरांत येत राहतं. पायसिरीयल या पायथन पॅकेजने ते थेट वाचता येतं, ६४ बिटच्या पायथनमधूनसुद्धा. बॉड रेट (डेटा येण्याचा वेग) इंडिकेटरच्या पुस्तिकेत मिळेल. फक्त जुनं काटा पावतीचं सॉफ्टवेअर आधी बंद करा. एक कॉम पोर्ट (विंडोजमधलं सिरीयल पोर्टचं नाव) एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो, दुसऱ्याला अ‍ॅक्सेस डिनाइड येतं. आणि हे बदल दुपारी, काटा रिकामा असताना करा. भरलेल्या ट्रकची रांग लागली की ड्रायव्हर लोक काही ऐकून घेत नाहीत.