इंग्लिश संगीतकार जॉन आयर्लंडचं ‘द होली बॉय’ मूळचं कोणत्या वाद्यासाठी आहे? चेलोवर ऐकलं, कॉयरमध्येही (गायकवृंदात) ऐकलं.

मूळ रचना फक्त पियानोसाठी आहे. आयर्लंडने ती 1913 च्या नाताळात लिहिली. तेव्हा तो लंडनमध्ये चेल्सीच्या सेंट ल्यूक चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. पुढे चार प्रील्यूड्सच्या (छोट्या पियानोरचनांच्या) संचात तिला तिसरं स्थान मिळालं. चेलो, ऑर्गन, तंतुवाद्यवृंद आणि कॉयरसाठीची रूपं नंतरची, आणि त्यातली बरीचशी त्याने स्वतःच केलेली.

माझ्या मते एकदा तरी मूळ पियानोवरच ऐका. जेमतेम तीन मिनिटांची रचना, पण चेलोवर सूर ओढून धरता येतो तसा इथे येत नाही. वाजवलेला स्वर विरत जातो, आणि त्या विरण्यातच या अंगाईसारख्या चालीचा सगळा हळुवारपणा आहे. स्वतः वाजवणार असाल तर उजव्या हाताच्या करंगळीकडे लक्ष द्या. चाल वरच्या स्वरात असते तिथे ती ठळक हवी, खालचे स्वर अगदी मऊ. स्वर लांबवणारं पायाखालचं पेडल प्रत्येक कॉर्डबरोबर (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाबरोबर) बदला, नाहीतर सगळं गढूळ होतं. आणि लय रेंगाळू देऊ नका; ही चाल साधेपणानेच मनाला भिडते.