ए-टू जॅकेट 'नवंकोरं' करायला देण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या इस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) मिळालेलं ए-टू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांचं कातडी जॅकेट, डाव्या खांद्यावर सीबीआयचा, म्हणजे चीन-बर्मा-भारत आघाडीचा बिल्ला, कफ आणि कमरेची पट्टी कसरीने खाल्लेली, चेन अडकलेली, काखेत अस्तर उसवलेलं. आणि एक दुकान म्हणतंय, 'द्या, सगळं नवंकोरं करून देतो.' तुमचे प्रश्न दोन: दुकानाला द्यावं का, आणि कातड्याला तेल कुठलं लावावं. माझी उत्तरं: देऊ नका, आणि कुठलंच लावू नका. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

ए-टू म्हणजे काय, ते 1931 साली आलं वगैरे सांगत बसत नाही. घेतलंत म्हणजे तेवढं वाचलेलं असणार. लेबलवर कंत्राटाचा ऑर्डर नंबर आहे आणि हात घालायला बाजूने खिसे नाहीत, एवढं तुम्ही लिहिलंयच. 1988 मध्ये हवाई दलाने पुन्हा काढलेली ए-टू बकऱ्याच्या कातड्याची होती आणि पुढे त्यांना बाजूचे खिसेही आले. तुमचं त्यातलं दिसत नाही. फोटोवरून मत देतोय, हे गृहीत धरा.

आता दुकानाबद्दल. नाव घेत नाही. त्यांची वेबसाइट अजून चालू आहे आणि तिथले फोटो अजूनही सुंदर आहेत. माझंही ए-टू अशाच अवस्थेत होतं. मी कागदावर लिहून दिलं होतं: फक्त कफ आणि कमरेची पट्टी बदला, जुनं जे निघेल ते पिशवीत घालून परत पाठवा, बाकी कशालाही हात लावू नका. खोकं परत आलं आणि उघडताक्षणी रंगाचा वास आला. जॅकेट काळपट चॉकलेटी, एकसारखं, शोरूममधून उचलल्यासारखं. अस्तर नवं. चेन नवी. मूळची टॅलन कंपनीची धातूची चेन, तिचा तळाशी रिव्हेट मारलेला खिळा, सगळं गायब. लेबल तेवढं परत शिवलेलं, तेही किंचित तिरकं. पिशवी नव्हतीच.

फोन केला तर उत्तर असं: 'अस्तर जीर्ण होतं सर, आमच्या कारागिराला ते ठेवणं योग्य वाटलं नाही. जुने तुकडे आम्ही ठेवत नाही.' आणि अंदाजपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'आवश्यक वाटल्यास इतर कामे कारागिराच्या निर्णयानुसार' अशी ओळ. क्रेडिट कार्डाच्या तक्रार विभागाकडे गेलो. त्यांनी पत्र मागितलं, फोटो मागितले, फॉर्म पुन्हा मागितला, आणि शेवटी कळवलं की वस्तू परत मिळालेली आहे आणि सेवा दिलेली आहे, सबब तक्रार बंद. ऐंशी वर्षांपूर्वीचं अस्तर फेकणं म्हणजे नुकसान, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. कुरियरच्या विम्याचा प्रश्नच नाही, कारण वाटेत काहीच बिघडलं नव्हतं!

पैसे गेले त्याचं फार नाही. गेलं ते अस्तरावरचं. मानेखाली आतल्या बाजूला शाईने लिहिलेली एक खूण होती: 'के' हे अक्षर आणि पुढे चार आकडे. अमेरिकी लष्करात धुलाईला कपडे देताना आडनावाचं पहिलं अक्षर आणि सेवा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायची पद्धत होती. माझ्या जॅकेटवर नावाची पट्टी राहिली नव्हती, फक्त तिच्या शिवणीची भोकं होती. म्हणजे मालकाचा माग लागायचा तर त्या खुणेवरूनच. विक्रेत्याने पाठवलेल्या जुन्या फोटोत तीन आकडे दिसतात, चौथा घडीत गेलाय.

हे इतकं लांबवतोय कारण नाव कळल्यावरही पुढचा रस्ता सोपा नसतो. 1973 मध्ये सेंट लुइसला अमेरिकी सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या दफ्तरखान्याला आग लागली, त्यात 1912 ते 1960 दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली जळाल्या. तेव्हाचं हवाई दल लष्कराचाच भाग, त्यामुळे महायुद्धातले वैमानिक आणि गनर यांच्या फायली बहुतेक त्यातच गेल्या. मग उरतात स्क्वाड्रनच्या नोंदी, बेपत्ता विमानांचे अहवाल आणि भरतीची संगणकीय यादी, जी सेवा क्रमांकावरून शोधता येते. त्या यादीत अधिकारी फारसे सापडत नाहीत, शिपाई दर्जाचे लोक सापडतात. थोडक्यात, जॅकेटवरचा एकेक आकडा लाखमोलाचा. तेव्हा आज घरी गेल्या गेल्या अस्तराची आतली बाजू, बाह्यांचं अस्तर आणि खिशांच्या झाकणांची खालची बाजू तिरप्या उजेडात बघा आणि फोटो काढून ठेवा. तपासनिसाचा शिक्का दिसला तर त्याचाही.

चेनचं काय? ओढू नका. खालच्या टोकाला जोर दिला की कातडं फाटतं, आणि ती जागा नीट दुरुस्त होत नाही. हिरवट साठलं असेल तर लाकडी टूथपिकने खरवडा, दातांवर मेणबत्ती घासा, पिन पूर्ण आत बसली आहे ना ते बघा, मग सावकाश. तरीही नाही सरकली तर राहू द्या उघडं.

कफ आणि कमरेची पट्टी मात्र बदलायला माझी हरकत नाही. युद्धकाळातही डेपोत ती बदलली जात, काही जॅकेटं तर तिथेच पुन्हा रंगवलेली आहेत, त्यामुळे 'मूळ'बद्दल फार सोवळं पाळण्यात अर्थ नाही. पण अट एकच: शिवण जुन्याच भोकांतून. कापडावरचं सुईचं भोक मिटतं, कातड्यावरचं कधीच मिटत नाही. जुन्या ओळीशेजारी मशीनने नवी ओळ मारली की कडेची अवस्था टपाल तिकिटासारखी होते, एक दिवस तिथूनच फाटते. शिंप्याला विचारा: 'हाताने, जुन्या भोकांतून शिवाल का?' तो हसला तर जॅकेट उचला आणि निघा. आणि जुने कफ परत मागा, तेही समोर उभं राहून.

तेलाबद्दल. मिंक ऑइल, नीट्सफूट ऑइल (दोन्ही कातड्याला लावायची प्राणिज तेलं), कोणी कोणी खोबरेल सुद्धा सुचवतात (आपल्याकडे खोबरेल हा सगळ्यावरचा उपाय आहे, मान्य). तेल शिवणीत उतरतं, धागा कुजवतं, कातडं काळं पडतं आणि बुरशीला आमंत्रण. कोरड्या सुती फडक्याने पुसा, बस्स. हाताला विटकरी भुकटी लागत असेल तर ते कातडं आतून संपत चाललंय. अशा वेळी मी तरी घालणार नाही. मी संवर्धनतज्ज्ञ नाही, जवळच्या संग्रहालयात विचारता आलं तर उत्तम.

घालायचंच असेल, रोज, पावसात, गाडीवर, तर सरळ चांगली नक्कल घ्या. जपानचे बझ रिक्सन्स आणि रिअल मॅकॉय्ज, इंग्लंडचे ईस्टमन, सिअ‍ॅटलचं गुड वेअर. स्कॉटलंडची एरो लेदर कंपनीही आहे. युद्धकाळात ए-टू बनवणाऱ्या, न्यू यॉर्क राज्यातल्या बीकन गावच्या एरो कंपनीशी तिचं फक्त नावापुरतं नातं. महाग आहेत, पण 'पूर्ण दुरुस्ती'चा खर्च आणि मनस्ताप धरला तर तितकेही नाहीत. मापाची एक गंमत सांगतो: लेबलवर 40 असलं तरी युद्धकाळचं ए-टू अंगाला आवळून बसतं, म्हणून लेबल सोडा आणि काखेपासून काखेपर्यंत टेप लावा.

बिल्ल्याबद्दल थोडं, कारण तिथे मला वेगळाच रस आहे. चीन-बर्मा-भारत आघाडीचा तो ढालीसारखा बिल्ला, लाल-पांढरे पट्टे, वर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा. आसामच्या चबुआ, दिनजान, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून कुनमिंगला माल नेणारी माणसं तो लावत. यातले कित्येक बिल्ले भारतातच बनले: कातड्याचे तुकडे जोडून केलेले, किंवा जरीकाम केलेले. आपल्या कारागिरांचं काम म्हणून मला ते आवडतात, आणि नेमके म्हणूनच त्यांच्या नकलाही ढिगाने आहेत. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा. धागा निळसर पांढरा लखलखला तर संशय घ्या, कारण चमक आणणारी ती रसायनं सर्रास झाली ती युद्धानंतर. पण मागाहून कोणी डिटर्जंटने धुतला असेल तर खराही चमकतो, तेव्हा लगेच विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. पाठीवर शिवायचा चिनी झेंड्याचा 'ब्लड चिट' (विमान पडलं तर या वैमानिकाला मदत करा, असं स्थानिकांना सांगणारा तुकडा) कोणी सोबत देऊ करत असेल तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका. त्यात खोट्यांचंच राज्य आहे.

आणखी एक, विषयाबाहेरचं: त्याच सेलमध्ये जुनं अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ किंवा मनगटी होकायंत्र मिळालं असेल तर उघडू नका. त्या रंगात रेडियम असू शकतं.

ठेवताना तारेचा हँगर नको, रुंद लाकडी घ्या. प्लास्टिकच्या कव्हरात घालू नका, डांबराच्या गोळ्या कातड्याला टेकू देऊ नका. पुढेमागे पुण्याला आणणार असाल तर जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कपाटाबाहेर काढावं लागेल.

लेबलचा आणि चेनच्या ओढणीचा जवळून फोटो टाका. ऑर्डर नंबरवरून कुठल्या कंपनीचं कंत्राट ते इथले दोघं-तिघं लगेच सांगतील. शाईची खूण मिळाली तर मात्र इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. मागच्या वेळी एकाने इथून उचलून ती खूण दुसऱ्याच जॅकेटवर 'उगवलेली' आपण पाहिली आहे.